झटका कुंपण : वावरातल्या नोंदी, नोव्हेंबर 2024 ते जानेवारी 2025

9 नोव्हेंबर 2024

हरभरा पेरून पंधरा दिवस झाले. तासं, म्हणजे पेरणीच्या ओळी, दिसायला लागली आहेत. तूर कमरेच्या वर गेली, फुलावर आहे. काल रात्री डुकरं आली. पश्चिमेच्या धुऱ्याने (बांधावरून) शिरली आणि आठ-दहा तासं नाकाने उकरून गेली. टिपेश्वरचं जंगल आमच्यापासून लांब नाही. पांढरकवड्याच्या या पट्ट्यात डुक्कर आणि रोही (नीलगाय) यांचा हिशेब धरल्याशिवाय पीक घरी येत नाही. वडिलांनी चाळीस वर्षं माचाणावर जागल केली. माझ्याने दिवसा दुकान आणि रात्री जागल होत नाही.

दुकानात दोन वर्षांपासून एक झटका मशीन, म्हणजे कुंपणाच्या तारेत थांबून थांबून विजेचा झटका सोडणारी पेटी, बंद पडून आहे. ती दुरुस्त करून तीन एकराला कुंपण घालायचं ठरवलं. धुऱ्याधुऱ्याने मोजलं तर 480 मीटर भरलं. तीन तारा घेणार: डुकरासाठी एक आणि दोन फुटांवर, रोहीसाठी चार फुटांवर. आयटीआय वायरमन केल्याला वीस वर्षं झाली. मोटारी, स्टार्टर, पंखे रोज हातात असतात. अशा मशीन याआधीही दुरुस्त केल्या, पण हाताच्या सवयीने. या वेळी प्रत्येक आकडा लिहायचा.

कारण पुतणी. बारावी सायन्सला आहे, स्थिरविद्युतीचा धडा सुरू आहे. रात्री जेवताना म्हणाली, "काका, या मशीनवर आठ हजार व्होल्ट लिहिलं आहे. त्यानं डुक्कर मरत नाही अन् घरच्या दोनशे तीसनं माणूस मरते, हे कसं काय?"

मी नेहमीचं उत्तर दिलं, व्होल्टेज जास्त असतं पण करंट कमी असतो. तिने ताट सरकवून बोटाने पाट्यावर गणित मांडलं. आठ हजार भागिले शरीराचा रोध हजार ओहम, म्हणजे आठ अँपिअर. "हे कमी आहे?"

कमी नाही. घरच्या लाइनीचा याच रीतीने काढला तर 0.23 अँपिअर येतो. म्हणजे वीस वर्षं मी गिऱ्हाइकांना जे सांगत आलो ते चूक आहे. खरं काय ते मशीन उघडून बघायचं.

17 नोव्हेंबर, रविवार

मशीन उघडली. आतला मार्ग सरळ आहे. 12 व्होल्टची बॅटरी, मग एक छोटा इन्व्हर्टर जो 400 व्होल्ट करतो, त्यावर भरणारा कपॅसिटर, जो प्रभार साठवून ठेवतो. कपॅसिटर भरला की थायरिस्टर (विजेने चालणारा स्विच) उघडतो आणि सगळा प्रभार एका झटक्यात पल्स ट्रान्सफॉर्मरमधून जातो. ट्रान्सफॉर्मर विसाला एक, म्हणून बाहेर 8,000. सव्वा सेकंदाने पुन्हा तेच. टिक. टिक.

बिघाड असा: तार न जोडता, नुसत्या टोकांवर किलोव्होल्ट मीटर 7.4 दाखवतो. दुकानामागे टाकलेलं जुन्या तारेचं वेटोळं जोडलं की 2 च्या खाली. इन्व्हर्टर तपासला, 400 व्होल्ट बरोबर येतात. थायरिस्टर ठीक. मग कपॅसिटर काढला. अंगावर छापलं होतं 15 मायक्रोफॅरड (किती प्रभार मावतो त्याचं माप), मोजला तर 3.1 भरला.

व्होल्टेज पूर्ण होतं आणि मशीन मेलेली होती. मीटरवर आकडा दिसला म्हणजे काम होईल, हे डोक्यातून काढायला हवं.

पुतणीला समजावताना मला कापूस आठवला. यंदा लांब धाग्याचा हमीभाव 7,521 रुपये क्विंटल. हा भाव झाला. घरी किती पैसे येणार ते भावावरून कळत नाही, किती क्विंटल काट्यावर चढले त्यावर ठरतं. व्होल्ट म्हणजे भाव: एक कूलोम प्रभार इथून तिथे गेला तर किती ज्यूल काम होईल. कूलोम म्हणजे माल. ज्यूल म्हणजे हातात पडलेली रक्कम. एक व्होल्ट म्हणजे एका कूलोमामागे एक ज्यूल, याहून त्यात काही नाही. तिच्या पुस्तकात हेच इंग्रजीत लिहिलं आहे, कार्य भागिले प्रभार बरोबर विभवांतर. ती म्हणाली, "पुस्तकात क्विंटल नव्हता." तिने वहीत लिहून घेतलं.

एक कूलोम म्हणजे सुमारे 62,400 कोटी कोटी इलेक्ट्रॉन. एवढा मोठा आकडा ऐकून तो खूप वाटतो, पण घरातल्या पंख्यातून चार-पाच सेकंदांत तेवढा जातो.

आता कपॅसिटरचा हिशेब. 15 मायक्रोफॅरड गुणिले 400 व्होल्ट, म्हणजे 0.006 कूलोम. एका कूलोमाचे सहा हजार भाग... नाही, चूक. कूलोमाचे हजार भाग केले तर त्यातले सहा. जुन्यामध्ये मावत होते जेमतेम सव्वा भाग.

18 नोव्हेंबर

यवतमाळहून 15 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर मागवला, एका माणसाच्या हातून आला. लावायच्या आधी एक गोष्ट करून पाहिली.

मशीनमधून कपॅसिटर भरून घेतला, मशीन बंद केली, बॅटरी काढली, आणि होल्डरमध्ये लावलेला झिरो बल्ब त्याच्या टोकांना टेकवला. जुना कपॅसिटर: तारेची काडी तांबूस झाली न झाली. नवा: अख्ख्या खोलीभर एक पिवळी चमक, आणि गेली. दोन्ही 400 व्होल्टचेच. दुपारी शटर अर्धं खाली ओढून दहा वेळा केलं. समोरचा चहावाला येऊन बघून गेला.

ज्याला कोणाला हे करायचं असेल त्याने एवढं लक्षात ठेवावं: मशीन बंद केली तरी कपॅसिटर भरलेलाच असतो. 400 व्होल्टचा प्रभार पेटीत तसाच बसून राहतो. मी 10 किलोओहमचा रोध इन्सुलेटेड चिमट्याने धरून टोकांना लावतो, काही सेकंद मोजतो, मीटरने शून्य झालं ते बघतो, मग हात घालतो. पेचकसाने शॉर्ट करायची आमच्या धंद्यातली सवय वाईट. टोक वितळतं आणि कपॅसिटरही खराब होतो.

20 नोव्हेंबर

आज मतदान. दुकान बंद, तिचं कॉलेज बंद. तिने रविवारचा हिशेब पुढे नेला आणि अडली.

0.006 कूलोम गुणिले 400 व्होल्ट, बरोबर 2.4 ज्यूल. पुस्तकातलं सूत्र म्हणतं अर्धं, म्हणजे 1.2. "बाकीचे अर्धे कोणी नेले काका?"

मी बराच वेळ विचार करत बसलो. उत्तर अंगणातच होतं. मोठे भाऊ ज्वारीच्या कडब्याची गंजी रचत होते. पहिली पेंढी जमिनीवर नुसती ठेवायची. त्यात उचलणं काही नाही. थर चढत जातो तशी प्रत्येक पेंढी थोडी अजून वर न्यावी लागते. शेवटची पेंढी डोक्यावरून, दोन्ही हातांनी फेकावी लागते. गंजी दहा फूट झाली म्हणून प्रत्येक पेंढी दहा फूट उचललेली नसते. सरासरी पाचच फूट.

कपॅसिटरचं तसंच आहे. रिकामा असताना पहिला प्रभार सहज आत जातो, त्याला अडवणारं तिथे काहीच नसतं. आत एकाच जातीचा प्रभार जमत जातो तसा तो पुढच्याला ढकलून लावतो. पुढचा आत घालायला इन्व्हर्टरला जास्त काम करावं लागतं. शेवटच्या प्रभाराला 400 व्होल्टच्या विरुद्ध चढावं लागतं, पहिल्याला शून्याच्या. सरासरी 200. 0.006 गुणिले 200, बरोबर 1.2 ज्यूल. कोणी काही नेलं नाही. तेवढं काम करावंच लागलं नाही.

आणि जे काम केलं ते गेलं कुठे? गंजीवर चढवलेली पेंढी खाली पडायला तयार असते, तशी ही ऊर्जा तिथेच साठून असते. पुस्तक तिला विद्युत स्थितिज ऊर्जा म्हणतं. गंजीत ती पृथ्वीच्या ओढीमुळे आहे, इथे प्रभारांच्या एकमेकांना ढकलण्यामुळे.

1.2 ज्यूल म्हणजे किती, हेही तिने लगेच काढलं. एक लिटर पाणी, म्हणजे एक किलो, 12 सेंटिमीटर उचललं तर 1.18 ज्यूल. भरलेला तांब्या अर्धी वीत वर. मशीनच्या एका टिकमध्ये एवढंच काम आहे, फार तर.

27 नोव्हेंबर

तारा ओढून झाल्या. लोखंडी अँगलवर प्लास्टिकचे इन्सुलेटर, मधे बांबू. चार दिवस दोन माणसं लागली. आर्थिंगला सध्या एकच सळई ठोकली, मशीनजवळ.

संध्याकाळी चालू केली. मशीनपाशी 8.1 किलोव्होल्ट, लांबच्या कोपऱ्यावर 7.6. कोपऱ्यावर तारेचं मोकळं टोक जमिनीत रोवलेल्या लोखंडी अँगलजवळ आणलं तर बारीक निळी ठिणगी उडते, टिक. तिच्या पुस्तकात कोरड्या हवेला दर मिलिमीटरला सुमारे 3,000 व्होल्ट लागतात असं आहे, पण ते सपाट गुळगुळीत पत्र्यांमध्ये. तारेच्या टोकापाशी ताण जास्त जमतो म्हणून ठिणगी त्याहून लांब उडी घेते. ठिणगीवरून व्होल्टेज सांगणारे मिस्त्री असतात, त्यांनी हे ध्यानात घ्यावं.

28 नोव्हेंबर

सकाळी वरच्या तारेवर कोतवाल पक्षी बसलेला. मशीन चालू, टिक ऐकू येतोय, आणि तो शेपटी हलवत किडे टिपतोय. पुतणीला फोन करून सांगितलं. ती म्हणाली, त्याचे दोन्ही पाय आठ हजारावरच आहेत. दोन पायांत फरक नाही, मग प्रभार एका पायातून दुसऱ्यात जायचं कारण नाही, काम शून्य.

बरोबर. भाव नेहमी दोन जागांमधला असतो. नुसत्या एका तारेला आठ हजार म्हणण्याला अर्थ नाही, जमिनीपासून आठ हजार. डुकराचं नाक तारेला आणि पाय जमिनीवर, म्हणून त्याला लागतो.

3 डिसेंबर

रात्री डुकरं आली. दक्षिणेच्या बाजूने तार वाकवून आत, सकाळी मोजलं तर जवळपास गुंठाभर हरभरा उपटलेला. हरभऱ्याला फुटवे आले होते. आई धुऱ्यावर उभी राहिली आणि काही न बोलता परत गेली.

मशीन बंद होती. बॅटरी मोजली, 12.4 व्होल्ट. मशीनला जोडली की 9.

5 डिसेंबर

बॅटरीचा हिशेब आधी करायला हवा होता. तो आज बसून केला.

बॅटरी 12 व्होल्ट, 7 अँपिअर-तास. अँपिअर-तास हे प्रभाराचंच माप आहे, तासाला 3,600 सेकंदांनी गुणायचं: 25,200 कूलोम. प्रत्येक कूलोमाला 12 ज्यूल, म्हणजे भरलेल्या बॅटरीत 3,02,400 ज्यूल.

रात्र बारा तासांची. सव्वा सेकंदाला एक टिक धरला तर 34,560 टिका. प्रत्येकीला 1.2 ज्यूल, म्हणजे 41,472. इन्व्हर्टरमध्ये निम्मं उष्णतेत जातं असं धरलं तर बॅटरीतून सुमारे 83,000. याला 12 ने भागलं तर 6,900 कूलोम, म्हणजे दोन अँपिअर-तासाच्या आतच. सातची बॅटरी दोन मागितल्यावर बसायला नको होती.

पण ती मी जुन्या इन्व्हर्टरमधून काढलेली होती. आतल्या पाट्यांवर सल्फेट बसलेलं. मोकळी मोजली की 12.4 दाखवते, कारण प्रत्येक कूलोमाला देण्याजोगी ऊर्जा तिच्यात अजून आहे. पण द्यायला कूलोमच उरलेले नाहीत, आणि जे आहेत ते आतल्या वाढलेल्या रोधातून बाहेर पडताना ऊर्जा तिथेच टाकतात. तीच गोष्ट, जी कपॅसिटरने 17 तारखेला सांगितली होती. भाव फळ्यावर होता, गोदाम रिकामं. मी ती एकदा लिहून ठेवली आणि पंधरा दिवसांत विसरलो, म्हणून आईला तो धुरा बघावा लागला. इथून पुढे कुठलीही बॅटरी मशीनवर चालवून, जोडलेल्या स्थितीत मोजल्याशिवाय लावणार नाही.

नवी बॅटरी आणली. 10 वॅटचं पॅनेल आहे, थंडीत पाच तास नीट ऊन मिळालं तर 1,80,000 ज्यूल. पुरतं.

12 डिसेंबर

पश्चिमेचे धुरेकरी मामाजी आले. त्यांच्याकडेही डुकरांनी पऱ्हाटी (कपाशी) मोडली. मशीनकडे बघून म्हणाले, "हे टिकटिक काय करून राहिलं भाऊ? डायरेक लाइन सोडून दे ना तारेत. एकदाची कटकट गेली. मी माह्या बाजूनं सोडतोच."

मी त्यांना बसवलं. आमच्या शिवारात काही वर्षांपूर्वी अशाच सोडलेल्या तारेला एक सालदार लागून मेला. पहाटे पाणी द्यायला गेला होता. मामाजींना ते माहीत आहे, तिरडीला त्यांनीही खांदा दिला होता. तरी माणूस पिकाच्या रागात असं बोलतो. 2017 मध्ये नागभीडकडे श्रीनिवास नावाचा, गळ्यात कॉलर असलेला वाघ अशाच तारेने मेला आणि शेतात पुरलेला सापडला. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 चा आहे, वीजचोरीचा गुन्हा वेगळा, आणि माणूस मेला तर त्याचा वेगळा. पण कायद्याच्या भीतीने थांबलेला माणूस एखाद्या रात्री सोडतोच. त्याला आतून पटायला हवं. म्हणून मी गणित काढलं.

माझ्या तारेच्या एका टिकमध्ये, ट्रान्सफॉर्मरच्या बाहेरच्या बाजूला, फार तर 0.0003 कूलोम जातात. विसाला एक ट्रान्सफॉर्मर, भाव वीस पट वाढला, माल वीस पट कमी झाला, रक्कम तीच राहिली, 1.2 ज्यूल. ट्रान्सफॉर्मर ऊर्जा निर्माण करत नाही. हे सगळं सेकंदाच्या दहा हजाराव्या भागात संपतं, म्हणून त्या क्षणाचा सरासरी करंट तीन अँपिअरच्या आसपास असतो. घरच्या लाइनीच्या बारा-तेरा पट. "करंट कमी असतो म्हणून मरत नाही" हे म्हणूनच खोटं. करंट भरपूर असतो, पण तो वाहतो किती वेळ ते बघा. पुढची टिक यायला सव्वा सेकंद. तेवढ्यात डुक्कर पळतं, माणूस हात काढतो, हृदय आपल्या ठोक्यावर राहतं. अशा मशीनसाठी जे आंतरराष्ट्रीय मानक आहे त्यातही हीच अट आहे: 500 ओहमवर एका झटक्यात 5 ज्यूलपेक्षा जास्त नको, आणि दोन झटक्यांत किमान एक सेकंद हवा. म्हणूनच एका तारेला दोन मशीन कधीच जोडायच्या नसतात. दोघींच्या टिका मिळून मधलं अंतर मोडतं.

आता 230 ची लाइन. ओल्या पायांनी उभ्या माणसाचा रोध हजार ओहम धरला तर 0.23 अँपिअर, म्हणजे दर सेकंदाला 0.23 कूलोम. माझ्या एका टिकच्या साडेसातशे पटींहून जास्त माल. दर सेकंदाला 53 ज्यूल. आणि पुढच्या सेकंदाला पुन्हा 53. मधे थांबणं नाही. लाइन सेकंदाला पन्नास वेळा आलटून पालटून वाहते, स्नायू आवळून धरते, मूठ सुटत नाही. याच्या निम्मा करंट छातीतून गेला तरी हृदयाची लय बिघडू शकते. तार डीपीवरून (शिवारातल्या मोठ्या ट्रान्सफॉर्मरवरून) येते, तिथे माल संपत नाही.

मामाजी ऐकत होते. म्हणाले, "ज्यूलफ्यूल मले काय समजते भाऊ."

मी त्यांना विहिरीवर घेऊन गेलो.

तिथे एक भरलेला तांब्या कट्ट्यावर ठेवला आणि त्यांना म्हटलं, अर्धी वीत उचला, खाली ठेवा. त्यांनी उचलला, ठेवला. हे माझं मशीन. मग दहा लिटरची भरलेली बादली दिली. म्हटलं, आता ही गुडघ्यापर्यंत उचला, दर सेकंदाला एकदा, आणि मी म्हणेन तोवर थांबायचं नाही. वय साठीच्या पुढचं, तरी हाडाचे शेतकरी, पाच-सहा वेळा उचलली. मग बादली ठेवली आणि उभे राहिले.

"हे डीपीवरून रात्रभर चालते," मी म्हटलं. "अन् हे तार लागलेल्याच्या आंगातून चालते."

त्यांनी हात धोतराला पुसले. काही बोलले नाहीत. जाताना मशीनची किंमत विचारून गेले. जंगलालगतच्या गावांना जन-वन विकास योजनेतून सौर कुंपणाला अनुदान मिळतं, तेही त्यांना सांगितलं.

15 डिसेंबर, रविवार

थंडी पडली. पुतणीने अंधारात स्वेटर काढला तर चटचट ठिणग्या. तिने तोही हिशेब केला, माझ्याही डोक्यात नव्हतं. अंगाची धारिता (प्रभार मावण्याची क्षमता) सुमारे 100 पिकोफॅरड, 5,000 व्होल्ट धरले तर ऊर्जा 1.25 मिलिज्यूल. व्होल्टेज कुंपणाच्या पंगतीतलं, ऊर्जा हजारावा भाग. आता वहीच्या एका पानावर तिने तिन्ही ओळी लिहिल्या आहेत: स्वेटर, कुंपण, लाइन. व्होल्टेज सगळ्यात कमी असलेली ओळ सगळ्यात खाली, लाल शाईत.

कपॅसिटरचा पूर्वज म्हणजे लायडनची बरणी, तेही तिनेच वाचून दाखवलं. 1745-46 ची गोष्ट. फ्रान्समध्ये नोले नावाच्या पाद्रीने 180 शिपायांना हात धरून उभं केलं, आणि बरणीचा प्रभार त्यांच्यातून सोडला तर सगळे एकदम उडाले. 180 माणसं आणि कोणी मेलं नाही. एका बरणीत माल तो किती. व्होल्टाने 1800 मध्ये तांबं-जस्ताच्या चकत्यांची चळत रचली तेव्हा उलट झालं. भाव थोडा, पण माल येतच राहिला. तारेतून सतत वाहणारी वीज तिथून सुरू झाली.

24 डिसेंबर

पहाटे लांबच्या कोपऱ्यावर 3.4. दुपारी 7.2. दव. खालच्या तारेला गवत टेकलंय, रात्री ओलं होतं आणि प्रत्येक पात्यातून थोडा थोडा प्रभार जमिनीत उतरतो. डुकरासाठी साठवलेले 1.2 ज्यूल गवतात वाटले जातात. खालच्या तारेखालचं गवत एका बाजूने काढलं, पहाटेचा आकडा 5.8 झाला. उरलेलं काढायचं आहे.

6 जानेवारी 2025

घाटे भरायला लागले. डुकरं तीन दिवस फिरून गेली, आत आली नाहीत. पण काल एक आत शिरलं. खुरांचे ठसे तारेखालून सरळ. मोजलं, तारेवर 7.0 आहे. मग लागला कसा नाही?

वावरातून फिरताना पायाखाली बघितलं. काळी भारी जमीन, पाणी देऊन बरेच दिवस झालेले, भेगा पडायला सुरुवात. झटक्याला परत मशीनपर्यंत यायचं तर याच मातीतून यायचं. तार, डुक्कर, माती, आर्थिंगची सळई, मशीन. एका कूलोमामागे जेवढे ज्यूल मशीन देते तेवढेच या वाटेवर खर्च होतात, त्याहून कमी नाही, जास्त नाही. मातीने बहुतेक खाल्ले तर डुकराच्या वाट्याला काय उरणार. काट्यावर भाव चांगला लागतो आणि हमाली, तोलाई, गाडीभाडं कापून घरी वेगळंच येतं, तसं.

तपासायची रीत माझ्या उस्तादांची आहे. मशीनपासून शंभर मीटरवर तार मुद्दाम जमिनीला शॉर्ट करायची, आणि आर्थिंगची सळई व पाच मीटरवर ठोकलेली वेगळी सळई यांच्यात मोजायचं. आदर्श म्हणजे 0.3 किलोव्होल्टच्या आत. माझा आला 1.9. म्हणजे ज्याला मी शून्य धरून बसलो होतो ती सळईच दर टिकला दोन हजार व्होल्ट वर उडी मारत होती.

8 जानेवारी

तीन सळया, प्रत्येकी सहा फूट, दहा-दहा फुटांवर. भोवती खड्डा करून कोळसा आणि मीठ, वरून तीन बादल्या पाणी. तिन्ही सळया जाड तारेने, नटबोल्टने आवळून जोडल्या. नुसता पीळ दिला की गंजतं. संध्याकाळी मोजलं, 0.3. आता दर आठ दिवसांनी दोन बादल्या तिथे ओतायच्या. हे काम आईने स्वतःहून घेतलं, तुळशीला पाणी घालून झालं की तिकडे जाते.

12 जानेवारी, रविवार

कॅमेरा नाही, म्हणून रात्री दहा ते दोन स्वतः माचाणावर बसलो. पुतणी हट्टाने सोबत, घोंगडं घेऊन. बाराच्या सुमारास पश्चिमेकडून चार-पाच डुकरं आली. सगळ्यात पुढच्याने नाक लावलं. आम्हाला आधी टिक ऐकू आली का आधी किंचाळी, सांगता येत नाही. कळप तुराट्या मोडत उलट पळाला. ते पुढचं थोड्या अंतरावर थांबलं, मान झटकली, आणि त्यांच्या मागे गेलं. चालणं नीट होतं.

पुतणी बराच वेळ त्या दिशेने बघत होती. मग म्हणाली, "तांब्या अर्धी वीत."

16 जानेवारी

मामाजी आले. त्यांनी मशीन घेतली आहे, माझ्यासारखीच. मला म्हणाले, "दोन मशीना एका तारेला नाही लावायच्या म्हणत होता ना तू? मग मंधातली तार कोणाची?" प्रश्न अगदी योग्य. मधल्या धुऱ्यावरची तार आता माझ्या मशीनवरच राहील, त्यांचं कुंपण तीन बाजूंचं वेगळं, आणि जिथे दोन्ही जवळ येतात तिथे अडीच मीटर अंतर सोडलं. त्यांच्या आर्थिंगच्या सळया माझ्या सळयांपासून लांब, विहिरीच्या ओलीजवळ ठोकल्या.

त्यांची मशीनपाशी 7.9, कोपऱ्यावर 6.1. त्या कोपऱ्याला कुंद्याचं गवत तारेपर्यंत चढलंय. उद्या सकाळी दव वाळलं की दोघांनी मिळून काढायचं ठरलं. विळे पाजवून ठेवले.